बर्फाचे हातमोजे

रविवार, ३ मार्च

काल दुकानात बाबांच्या बोटाला काच लागली आणि त्यांना कळलंच नाही. मी कडा घासत होतो. मान वर करून पाहिलं तर आरशाच्या काचेवर बोटांचे लाल ठसे उमटलेले. मी म्हणालो, "बाबा, रक्त." ते म्हणाले, "कुणाचं?" मग त्यांनी स्वतःचा हात उलटा करून पाहिला, गिऱ्हाइकाने परत आणलेला माल पाहतात तसा.

आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशन होऊन गेलं. आता दर तीन आठवड्यांनी हाताच्या शिरेतून औषध देतात, शिवाय घरी गोळ्या असतात. असे आठ डोस आहेत. दोन झाले, उद्या तिसरा. उलट्या होतील, थकवा येईल, बोटं बधिर होतील, हे आम्हाला सगळ्यांनी सांगितलं होतं. पण बाबांच्या बाबतीत बोटं म्हणजे काय, ते रुग्णालयात कुणालाच माहीत नाही. बाबा काच कापतात. पट्टी लावून कटरने एकदाच रेघ मारायची असते. त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा कटर फिरवला की काच भलतीकडेच तुटते. दाब किती द्यायचा ते बोटांना कळतं. डोळ्यांना कळत नाही.

जेवताना बाबा आईशी बोलले, पण मला ऐकू जाईल अशा बेताने.

"आठ डोस होईपर्यंत हात परत आले तर ठीक. नाहीतर दुकान जावईबापूंना देऊन टाकतो."

मी म्हणालो, "मी आहे ना, बाबा."

"तू आहेसच. कडा घासायला."

माझा हात थरथरतो हे खरं आहे. बाबा समोर उभे असले की थरथरतो. ते नसताना थरथरत नाही, पण ते नसताना कटर कुलपात असतो.

ही वही पूरक उपचारांच्या बाईंनी लिहायला सांगितली. रुग्णासोबत येणाऱ्यांनी रोज थोडं खरंखरं लिहावं, म्हणजे मनातलं रुग्णाच्या डोक्यावर ओतलं जात नाही, असं त्या म्हणाल्या. बाबा हसले. "लिहा, कारकूनसाहेब. तेवढंच जमतं." मला नववीतून काढून दुकानात बसवलं ते त्यांनीच, हे मी तेव्हा बोललो नाही. इथे लिहिलं.

सोमवार, ४ मार्च

तिसरा डोस झाला. आम्ही सकाळी लवकर गेलो. मोठ्या खोलीत आरामखुर्च्या ओळीने मांडलेल्या असतात, प्रत्येकीशेजारी सलाईनची दांडी. त्या खोलीला लागूनच पूरक उपचार कक्ष आहे. तिथे पडदे जाड आहेत आणि गरम तेलाचा वास असतो. बाई डॉक्टरच आहेत, पण सगळे त्यांना बाईच म्हणतात. त्या मळमळीसाठी मनगटावरची जागा दाबायला शिकवतात, श्वास कसा सोडायचा ते दाखवतात, तळपाय चोळून देतात. दारावर पाटी आहे : 'हे उपचार औषधाच्या जागी नाहीत, औषधाच्या सोबत आहेत. घरी काहीही नवीन सुरू करण्याआधी आम्हाला विचारा.'

बाई बाबांची बोटं कोमट तेलाने चोळत होत्या. मी विचारलं, की हे किती वेळ करायचं, कुठल्या दिशेने करायचं, तेल कुठलं, जेवणाआधी की जेवणानंतर. बाई एकेकाचं उत्तर देत होत्या. तेवढ्यात बाबा डोळे मिटूनच म्हणाले, "बाई, ह्याच्या नादी लागू नका. हा विचारायला लागला की माझा पुढचा डोस येईल." शेजारची नर्स फस्सकन हसली. बाईसुद्धा हसल्या, थोड्या. मला अजून एक विचारायचं होतं, ते राहिलं.

विचारायचं होतं ते हे. पलीकडच्या खुर्चीत एक काकू असतात, डोक्यावर विणलेली पिवळी टोपी. त्यांच्या दोन्ही हातांत जाडजूड निळे हातमोजे होते, त्यांच्यातून वाफेसारखा गारवा निघत होता. बाबा झोपल्यावर मी त्यांच्याकडे गेलो.

"हे काय आहे, काकू?"

"बर्फाचे हातमोजे. ह्या औषधाने बोटं मरतात ना रे, म्हणून. गारव्याने औषध बोटांपर्यंत पोचत नाही म्हणे. मी विणकाम करते, बोटं गेली तर मग मी जगून काय करू, भिंतीकडे बघत बसू?"

"गुण येतो?"

काकूंनी हातमोजा काढला आणि अंगठ्याने एकेका बोटाचं टोक दाबून दाखवलं. "हे बघ. सगळी जागी आहेत."

बाबांच्याच खोलीत, बाबांच्याच समोर हा उपाय चाललाय आणि आम्ही तेल चोळत बसलोय. तेल बरं वाटण्यासाठी आहे. मला बरं वाटायला नको आहे. मला बोटं हवी आहेत.

बुधवार, ६ मार्च

हातमोजे तयार केले. जुन्या लोकरीच्या हातमोज्यांना आतून मेणकापडाचं अस्तर शिवलं. थंडाव्यासाठी जेलच्या चपट्या पिशव्या मिळतात, त्या दोन कापडांच्या मधे बसतील असे कप्पे केले. टाके बारीक घातले, ओल आत यायला नको. काकूंना ते फक्त सलाईन चालू असताना घालतात. पण औषध अंगात कितीतरी दिवस राहतं, असं खुद्द डॉक्टर म्हणाले होते, तेव्हा घरी घालणं जास्तच योग्य. दारावरच्या पाटीचाही विचार केला. ती पोटात घ्यायच्या गोष्टींबद्दल असणार, काढे, चूर्ण वगैरे. बर्फ पोटात जात नाही.

बाबांनी हातमोजे बघून विचारलं, "हे कुणी सांगितलं?"

"बाईंनी," मी म्हणालो.

हे खोटं नाही. त्यांच्या खोलीशेजारीच तर चालतं.

बाबांनी हात आत घातले आणि एकदम ओरडले. असं ओरडणं मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ऑपरेशनच्या वेळीसुद्धा नाही. "इंगळ्या भरल्यास का यात, गाढवा?" आई ओले हात तसेच घेऊन धावत आली. मी म्हणालो, "बाबा, लागतंय म्हणजे बोटं जिवंत आहेत. मेलेल्या बोटांना लागलं असतं का?"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे बरं सुचलं तुला." आणि हात काढले नाहीत.

शनिवार, ९ मार्च

सकाळ-दुपार-संध्याकाळ. तिन्ही वेळा झालं.

सोमवार, ११ मार्च

आज मी हातमोजे आणले तेव्हा बाबांनी न सांगता हात पुढे केले. हे लिहावं की नाही असं वाटलं, पण बाईंनी खरं लिहायला सांगितलंय. बाबा दुखण्याने डोळे घट्ट मिटतात, कपाळाची शीर उभी राहते, मग डोळे उघडून माझ्या तोंडाकडे बघतात. "झालं?" मी घड्याळ बघतो आणि म्हणतो, "अजून थोडं." ते थांबतात. मी सांगितलं म्हणून थांबतात. मला या घरात एवढं बरं कधी वाटलं नव्हतं. सेवेचं समाधान म्हणतात ते बहुतेक हेच.

आई त्या वेळेला गच्चीत जाते. वाळत घातलेले कपडे परत परत झटकते.

गुरुवार, १४ मार्च

बाबांनी फ्रिजमधल्या पाण्याचा घोट घेतला आणि त्यांचा घसा आवळला. श्वास अडकल्यासारखं झालं. डोळे पांढरे झाले. आई पाठ चोळत होती. मिनिटभराने सुटलं. तेव्हापासून आई त्यांना कोमट पाणी देते, पेल्यालाही फडकं गुंडाळते, कारण त्यांना स्टीलचा पेला धरवत नाही. नळाखाली हात धरत नाहीत, दाराची कडीसुद्धा बाहीने उघडतात.

मला वाटतं आई लाड करते. अशाने शरीराला गारव्याची सवय कशी होणार? मी म्हणालो तसं. आई म्हणाली, "तुझ्या बाईंना एकदा विचार तरी." मी हो म्हणालो.

सोमवार, २५ मार्च

चौथा डोस. बाईंनी बाबांना डोळे मिटायला सांगितले आणि कापसाची वात एकेका बोटाला लावली. "कळलं की सांगा." बाबा "हं" म्हणत होते, पण वात लागायच्या आधीच म्हणत होते. बाईंनी वात हवेतच धरली. बाबा म्हणाले, "हं." बाईंनी वात खाली ठेवली. "दुखतं का?" त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, "काम करणाऱ्याला थोडं दुखणारच." त्या म्हणाल्या, "थोडं की फार?" बाबा मग हळूच म्हणाले, "फार."

बाईंनी मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी हात पाहिले, सुजलेल्या, फुटलेल्या बोटांवरून अंगठा फिरवला आणि शिरेतलं औषध कमी केलं.

औषध कमी केलं म्हणजे गुण येतोय! मला आज तिथेच विचारायचं होतं हातमोज्यांबद्दल. बाईंच्या भोवती चार माणसं होती, आणि बाबा म्हणाले, "कारकूनसाहेब, मान वर करू नका, कोणीतरी उत्तर देईल." सगळे हसले. मी मान खाली घातली.

पण औषध कमी झालं, हे महत्त्वाचं.

रविवार, ७ एप्रिल

ताई आणि भावोजी आले होते. भावोजी तयार खिडक्या विकतात, ॲल्युमिनियमच्या, घडवून आणलेल्या. दुकानात उभं राहून त्यांनी भिंतीला टेप लावला. बाबांसमोर.

"सासरेबुवा, हे कापायचं टेबल काढलं ना, की इथे सहा नमुने उभे राहतील बघा."

"माझा फोटो कुठे लावाल, तेही मोजून घ्या," बाबा म्हणाले.

"छे! काय बोलता! तुमच्यासाठी खास जागा. अगदी दर्शनी."

ताई खळखळून हसली, मग माझ्याकडे बघून थांबली. "तू काय करणार रे?" तिने विचारलं. मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "हा माझे हात गोठवतो. मोठं काम आहे."

ते गेल्यावर बाबांनी कुलूप उघडलं, कटर काढला आणि म्हणाले, "पट्टी धर." मी पट्टी धरली. त्यांनी टोक रॉकेलात बुडवलं आणि रेघ मारली. रेघ मारताना बारीक, सलग आवाज येतो, कापड फाडल्यासारखा. आज तो तीनदा तुटला. त्यांनाही ऐकू आलं. काच टेबलाच्या कडेवर घेऊन त्यांनी दाबली आणि ती मधूनच तिरकी फुटली.

"पट्टी हलवलीस," ते म्हणाले.

मी पट्टी हलवली नव्हती. दोन्ही हातांनी, पोटाने दाबून धरली होती.

"हलवलीस ना?"

"हो, बाबा."

सोमवार, ८ एप्रिल

आजपासून चार वेळा. पिशव्या जास्त वेळ गोठवून घेतो. बाबा कण्हतात, पण नाही म्हणत नाहीत. त्यांना काय हवंय ते मला माहीत आहे, आणि ते माझ्याच हातात आहे.

सोमवार, १५ एप्रिल

शिरेतलं ते एक औषध डॉक्टरांनी पूर्ण बंद केलं! म्हणाले, "बोटांचं एवढं दुखणं बघून पुढे देता येणार नाही. गोळ्या चालू राहतील." बाहेर आल्यावर मी बाबांना म्हणालो, "बघा, अर्ध्यावरच सुटलात." बाबा म्हणाले, "सुटलो की सोडला?" त्यांना प्रत्येक गोष्टीत वाकडं बोलायची सवय आहे.

घरी येताना मी गोड काहीतरी घेतलं. आईने खाल्लं नाही. मी खाल्लं.

सोमवार, ६ मे

आज जे झालं ते क्रमाने लिहितो. क्रम चुकला की सगळं चुकतं.

आम्ही तपासणीला गेलो होतो. बाई बाबांचे हात चोळत होत्या. पिवळ्या टोपीच्या काकू आत आल्या, आता त्यांचे डोस संपलेत, त्या फक्त श्वासाच्या व्यायामाला येतात. मला बघून त्या मोठ्याने म्हणाल्या, "बाई, ह्या पोराला बक्षीस द्या. बापासाठी ह्याने घरी बर्फाचे हातमोजे शिवलेत, माझे बघून, मागच्या वेळी मला सांगत होता. माझा मुलगा साधा फोन करत नाही हो."

बाईंचे हात थांबले. "कुणासाठी शिवले?"

"बाबांसाठी," मी म्हणालो. मला वाटलं आता कौतुक होणार.

"यांना बर्फ लावलात तुम्ही? कधीपासून?"

"तिसऱ्या डोसापासून. रोज चार वेळा. आधी तीनच."

बाईंनी बाबांचे हात टॉवेलमध्ये गुंडाळले, लहान मुलाचे गुंडाळतात तसे. मग बोलल्या. आवाज चढवला नाही, तो चढवला असता तर बरं झालं असतं. "काकूंचं औषध वेगळं आहे, यांचं वेगळं. काकूंच्या औषधात गारवा बोटं वाचवतो. यांच्या औषधात गार वस्तूला हात लागला तरी मज्जातंतूंमध्ये आग होते. गार पाणीसुद्धा प्यायचं नसतं, घसा आवळतो. पहिल्याच दिवशी सांगतात हे सगळ्यांना. तुम्हाला हे करायला कोणी सांगितलं?"

बाबा माझ्याकडे बघत होते. मी त्यांना काय सांगितलं होतं ते त्यांना आठवत असणार. ते बोलले नाहीत. मी टॉवेलकडे बघितलं.

मोठे डॉक्टर आले. त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "मी ते दुखणं औषधाचं समजलो. म्हणून औषध कमी केलं, मग थांबवलं."

मी विचारलं, "परत सुरू करता येईल?"

"बोटांची ही अवस्था असताना नाही."

"बोटं बर्फामुळे अशी झाली?"

"औषधानेही होतात. बर्फाचं किती, औषधाचं किती, ते आता कुणीच सांगू शकणार नाही. थांबवायला हवं होतं की मी घाई केली, तेही नाही." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवायला उचलला आणि तसाच खाली घेतला.

बाई बाबांना म्हणाल्या, "आणि तुम्ही का गप्प राहिलात? एवढं दुखत असताना?"

बाबा हसले. महिनाभरात पहिल्यांदा दात दिसले.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"काय ठाऊक होतं?"

"गारवा चालत नाही ते. पहिल्या दिवशीच ऐकलं होतं मी. बघत होतो, हा कुणाला विचारतोय का. इतके दिवस वाट बघितली. नाही विचारलं." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दुसऱ्याच्या खिडकीचं माप घेऊन माझी काच कापणारा माणूस आहे हा. म्हणून ह्याच्या हातात कटर दिला नाही कधी."

काकू रडायला लागल्या. "मी उगाच बोलले हो, मी उगाच बोलले." नर्सने त्यांना खुर्चीत बसवलं.

उतरताना बाबांनी जिन्याच्या कठड्याला हात लावला नाही. मी मागे चालत होतो.

मंगळवार, ७ मे

आई भाजी निवडत होती. मी समोर बसलो. निवडता निवडता ती म्हणाली, "काही ठाऊक नव्हतं त्यांना."

"बाबा स्वतः म्हणाले."

"म्हणतील नाहीतर काय? पहिल्या दिवशी मी होते ना त्यांच्याजवळ, तू खाली पैसे भरायला गेला होतास. नर्स सांगत होती तेव्हा ते सुईच्या गुंगीत घोरत होते. मला अर्धं कळलं, अर्धं नाही. तिने कागद दिला, तर जागे झाल्यावर म्हणाले, ती खिडकी किती वाजतेय, तावदान ढिलं आहे. त्या कागदाची घडी करून फटीत पाचर मारली आणि आलो आम्ही. अजून असेल तिथेच."

"मग खोटं का बोलले?"

"पोराने फसवलं म्हणण्यापेक्षा मी पोराला पारखत होतो म्हणणं सोपं." तिने देठ मोडला. "तू म्हणालास बाईंनी सांगितलंय, म्हणून हात देत होते रे रोज. मला म्हणायचे, शिकून आलाय, करू दे त्याला."

आई मला बरं वाटावं म्हणून हे सांगते. बाबांना ठाऊक असणारच. त्यांना सगळं ठाऊक असतं. आणि ठाऊक नव्हतं असं धरलं, तर ते रोज हात पुढे करत होते ते माझ्यावर भरवसा ठेवून, असा अर्थ होईल. तसं काही नसणार. ते मला पारखत होते, आणि मी नापास झालो. हे मला समजतं. ह्याची मला सवय आहे.

बुधवार, २२ मे

नवीन तपासणीत यकृतावर डाग दिसले. डॉक्टर पुष्कळ बोलले. त्यांचं 'कदाचित' मी मोजत होतो, मग मोजणं सोडून दिलं.

घरी आल्यावर बाबांनी भावोजींना फोन लावायला सांगितला. बोटाने त्यांना आकडे दाबता येत नाहीत, दोन-दोन दाबले जातात. मी लावून दिला आणि फोन त्यांच्या कानाशी धरून उभा राहिलो. "या," ते म्हणाले. "किल्ल्या घेऊन जा."

शनिवार, १ जून

कापायचं टेबल निघालं. दारातून जात नव्हतं म्हणून भावोजींच्या माणसांनी त्याचे पाय करवतीने कापले. बाबा खुर्चीत बसून बघत होते. त्यांनी स्वतःच्या हाताने कटर भावोजींना दिला. तो आधी त्यांच्या बोटांतून निसटला, मी उचलून त्यांच्या तळहातावर ठेवला, मग त्यांनी दिला. म्हणजे माझ्या हातात तो तेवढाच वेळ होता.

भावोजींनी मला ठेवून घेतलंय. माल पुठ्ठ्याच्या खोक्यांतून येतो, त्याच्या चिकटपट्ट्या मी त्याच कटरने कापतो. काचेसाठी बनवलेलं चाक आहे, पुठ्ठ्याला लागत नाही नीट. भावोजी म्हणाले, "धार गेलेली दिसते." मी म्हणालो, "हो."

माझा हात अजिबात थरथरत नाही.

रविवार, १६ जून

मी दुकानातून आल्यावर बाबांनी विचारलं, "कोण काचा कापतं आता?"

"कुणी नाही. तयार येतात."

"बरोबर मापाच्या?"

"बरोबर मापाच्या."

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मला वाटलं ते रागावले. मग कळलं, रडत होते. मी बाहेर गेलो नाही. रडताना त्यांना नाक पुसता येईना, बोटांत रुमाल राहत नव्हता. मी बघत बसलो. मग पुसून दिलं.

गुरुवार, २७ जून

शिरेतलं औषध आधीच थांबलं होतं, आता गोळ्याही थांबल्या. आता बाई घरी येतात, आठवड्यातून एकदा. त्या अजूनही तेच करतात, कोमट तेल, श्वास, पायाचे तळवे. मी विचारलं, "आता ह्याचा काय उपयोग?" त्या म्हणाल्या, "उपयोग म्हणजे बरं होणं, एवढाच अर्थ नसतो हो. आता दुखू नये आणि एकटं वाटू नये, एवढं आपल्या हातात आहे." मग मला म्हणाल्या, "हात धरून बसत जा त्यांचा. त्यांना स्पर्श कळणार नाही. म्हणून तोंडाने सांगत जा, की मी धरलाय."

मी म्हणालो, "दिवसातून किती वेळ?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तेलाची बाटली पिशवीत ठेवली. मी प्रश्न मागे घेतला.

त्या मला कधी काही बोलल्या नाहीत त्या गोष्टीवरून. निघताना चप्पल घालता घालता मात्र म्हणाल्या, "मला एकदा विचारलं असतंत." मी म्हणालो, "तुम्ही हसला होता." त्यांना ते आठवत नव्हतं.

मंगळवार, ९ जुलै

दुपार. आई औषधं आणायला गेली आहे. मी बाबांच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसलो आहे. वही मांडीवर आहे. डाव्या हाताने पान धरावं लागतं, नाहीतर पंख्याने उडतं.

बाबा डोळे मिटून आहेत. मला वाटलं झोपले. आत्ता ते म्हणाले, "आहेस?"

"आहे, बाबा."

"काय खरडतोयस?"

"काही नाही. आजची तारीख."

त्यांनी मान माझ्या बाजूला कलवली. मग म्हणाले, "त्या बाई म्हणतात ते खरं का? तू हात धरून बसतोस म्हणून?"

"हो."

"मला काही कळत नाही. नुसती लाकडं झालीत." ओठांवरून जीभ फिरवली. "आत्ता धरलायस?"

मी चादरीकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात पालथे पडलेले आहेत, तिथे, कुणी विसरून गेल्यासारखे.

"धरलाय," मी म्हणालो.

"घट्ट?"

"घट्ट."

त्यांचा चेहरा सैल झाला. एवढा सैल चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. "सोडू नकोस," ते म्हणाले.

एवढं लिहून झालं की धरतो.